दान दिलेला जोड आणि विकलेला जोड

२००६ साली ब्लेक मायकोस्की हा अमेरिकी तरुण उद्योजक अर्जेंटिनात गेला असताना त्याला खेड्यापाड्यांतली अनवाणी मुलं दिसली. तिथले कष्टकरी ‘अल्पार्गाता’ नावाचे साधे कापडी बूट घालतात, तेही त्याने पाहिले. परत जाऊन त्याने त्याच घडणीच्या बुटांची ‘टॉम्स’ ही कंपनी काढली आणि विक्रीला एक वचन जोडलं: विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जोडामागे एक जोड गरजू मुलाला मोफत. लोकांनी ही कल्पना उचलून धरली. सुरुवातीच्या काही महिन्यांतच दहा हजार जोड विकले गेले आणि तेवढेच अर्जेंटिनातल्या मुलांना वाटले गेले. पुढच्या तेरा वर्षांत वाटलेल्या जोडांचा आकडा साडेनऊ कोटींच्या पुढे गेला. मग २०१९ हे वर्ष आलं. कंपनीने दानाची ही रीत बदलली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी धनकोंच्या ताब्यात गेली.

मधल्या काळात इतर पादत्राण कंपन्याही स्वस्थ बसल्या नव्हत्या. कुणी समुद्रातल्या प्लास्टिकपासून बूट केले, कुणी लोकरीपासून. कुणी जुने बूट परत घेण्याची पेटी दुकानात ठेवली, कुणी खोक्यावर कार्बनचा आकडा छापला. आता दुकानात बूट घेताना दोन आश्वासनं हमखास समोर येतात: या खरेदीतून कुणाचं तरी भलं होईल आणि पृथ्वीचं नुकसान कमी होईल. वीस वर्षांच्या अनुभवानंतर या आश्वासनांचा हिशेब मांडता येतो आणि तो मांडायला हवा, कारण त्यांच्या भरवशावर लाखो लोकांनी खिशात हात घातला आहे.

गरज खोटी नव्हती

पहिली गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अनवाणी पायांचा प्रश्न जाहिरातीसाठी शोधून काढलेला नाही. अंकुशकृमीच्या अळ्या मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीत वाढतात, उघड्या तळपायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तावाटे फुफ्फुसांत आणि तिथून आतड्यात पोचतात. तिथे त्या रक्त पितात. मूल फिकट पडतं, थकतं, शाळेत मागे राहतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी हा आजार इतका पसरला होता की १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या पैशातून त्याविरुद्ध खास आयोग नेमला गेला. औषध, संडास आणि पायांत बूट ही त्या मोहिमेची त्रिसूत्री होती.

इथिओपियाच्या डोंगराळ भागातला पोडोकोनिओसिस हा आजार तर थेट मातीचाच आहे. ज्वालामुखीच्या खडकापासून झालेल्या लाल मातीतले सूक्ष्म खनिज कण वर्षानुवर्षं अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांत शिरतात. लसिकावाहिन्यांना सूज येते, ती हळूहळू कायमची होते आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजून जाड, खडबडीत होतात. दिसायला हा हत्तीरोगच वाटतो, पण इथे डासही नसतो आणि जंतही. त्या देशात याचे दहा लाखांहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज आहे. अशा माणसाला शेतात उभं राहणं अवघड होतं, लग्नं मोडतात, गावात त्याला दूर बसवलं जातं. हे सगळं टाळायला लहानपणापासून बूट आणि रोज साबण-पाण्याने धुतलेले पाय एवढं पुरतं. टॉम्सने इथिओपियात या रोगावर काम करणाऱ्या संस्थांमार्फत बूट दिले. जिथे बूट हेच औषध आहे तिथे ते पोचवणं हे निखळ सत्कार्य आहे आणि त्याचं श्रेय कंपनीला द्यायलाच हवं.

एल साल्वादोरमधली परीक्षा

अडचण वेगळी होती. कोट्यवधी जोड वाटायचे म्हटल्यावर ते फक्त अशाच जागी जातील याची हमी राहत नाही. विक्री वाढली की वाटायचे जोडही वाढतात, गरज तेवढी वाढलेली असो वा नसो.

याची परीक्षा एल साल्वादोरच्या ग्रामीण भागात झाली. अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून तिथल्या मुलांना टॉम्सचे बूट दिले, तशाच इतर गावांत दिले नाहीत आणि मग दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली. बहुतेक मुलांना बूट आवडले आणि त्यांनी ते घातलेही. पण अनवाणीपणा घटला का? लक्षात येण्याजोगा नाही, कारण त्या भागातल्या बहुतेक मुलांकडे आधीपासून काही ना काही पादत्राण होतंच. पायांचं आरोग्य आणि मुलांचा आत्मविश्वास यांतही ठळक फरक दिसला नाही.

एक फरक मात्र दिसला. ‘माझ्या कुटुंबाच्या गरजा इतरांनी भागवायला हव्यात’ या विधानाशी बूट न मिळालेल्यांपैकी ६६ टक्के मुलं सहमत होती, बूट मिळालेल्यांपैकी ७९ टक्के. मुलाच्या हाती वस्तू आली, तिच्यासोबत आपलं कुणीतरी परस्पर बघेल ही भावनाही आली. याच गटाच्या आधीच्या अभ्यासात स्थानिक बाजारावरचा परिणामही तपासला होता. वाटलेल्या वीस जोडांमागे स्थानिक दुकानातली साधारण एक खरेदी कमी झाल्याचा संकेत मिळाला, तोही इतका क्षीण की त्यावरून ठाम विधान करता येत नव्हतं. म्हणजे फुकटच्या बुटांनी गावचा चांभार देशोधडीला लागतो हा सरधोपट आरोपही पुराव्याने सिद्ध झाला नाही. या प्रश्नात दोन्ही बाजूंनी घोषणा फार झाल्या आहेत, म्हणून हे नोंदवणं आवश्यक आहे.

आपल्या कामाची अशी परीक्षा बाहेरच्या अभ्यासकांना करू देणं आणि प्रतिकूल निष्कर्ष उघड होऊ देणं हे टॉम्सचं मोठेपण म्हटलं पाहिजे. धर्मादाय क्षेत्रात असं धैर्य दुर्मीळ आहे. ‘बूट जिथे वाटता तिथे ते बनवत का नाही?’ या टीकेलाही कंपनीने उत्तर दिलं. वाटपाच्या बुटांपैकी एक तृतीयांश बूट वाटपाच्या प्रदेशांतच तयार करण्याचं उद्दिष्ट तिने २०१३ मध्ये जाहीर केलं आणि इथिओपिया, केनिया, हैती, भारत अशा देशांत उत्पादन सुरू केलं. रोजगार देणं हे वस्तू देण्यापेक्षा मोठं दान आहे, हे कंपनीला सात वर्षांच्या अनुभवातून उमगलं.

पैसा येतो कुठून?

‘एकास एक’ या योजनेत देणारा खरा कोण होता? ग्राहक मोजत असलेल्या किमतीतच दोन जोडांचा खर्च धरलेला होता. कंपनीला यातून मोठी गोष्ट मिळाली: जाहिरातीवर फारसा खर्च न करता घरोघरी पोचलेलं नाव. यात गैर काही नाही, पण यामुळे दान विक्रीला बांधलं गेलं. २०१४ मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने टॉम्सचा निम्मा हिस्सा घेतला, तेव्हा कंपनीचं मोल साडेबासष्ट कोटी डॉलर धरलं गेलं. त्या व्यवहाराने कंपनीवर मोठं कर्जही आलं. दरम्यान स्पर्धकांनी तसेच बूट आणि तशाच दानयोजना बाजारात आणल्या, तरुण गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं आणि कर्ज फिटेना.

२०१९ च्या नव्या धोरणात कंपनीने नफ्याचा एक तृतीयांश वाटा समाजकार्याला देण्याचं ठरवलं. बुटांऐवजी पैसा, तोही त्या त्या ठिकाणी काम करणाऱ्या छोट्या संस्थांना: मानसिक आरोग्य, बंदुकीच्या हिंसाचाराला आळा, संधींची समानता. आपल्याला काय हवं हे ठरवण्याचा अधिकार काही प्रमाणात घेणाऱ्याकडे गेला, ही यातली उजवी बाजू. डावी बाजू अशी की नफा झाला तरच वाटा निघतो. तोट्याच्या वर्षी एक तृतीयांश शून्यच भरतो. म्हणून असं वचन वाचताना टक्केवारीपेक्षा दरवर्षी प्रत्यक्ष दिलेली रक्कम किती, हे पाहावं.

एका बुटाच्या पोटात

आता पर्यावरणाकडे वळू. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये धावण्याच्या एका नेहमीच्या बुटाचा जन्मापासून अंतापर्यंतचा हिशेब मांडला. त्या बुटात २६ प्रकारची सामग्री आणि ६५ सुटे भाग होते. ते कापणं, शिवणं, साच्यात ओतणं, चिकटवणं अशा ३६० पायऱ्या पार केल्यावर जोड तयार होत होता. एका जोडामागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड. यातला दोन तृतीयांशाहून अधिक वाटा कच्च्या मालाचा नव्हता, कारखान्यातल्या प्रक्रियेचा होता, कारण लहान लहान भाग घडवणारी यंत्रं कोळशाच्या विजेवर चालत होती.

हा एक निष्कर्ष लक्षात ठेवला तर बाजारातले निम्मे हरित दावे आपोआप पारखले जातात. वरचं कापड जुन्या बाटल्यांपासून केलं, लेस सेंद्रिय कापसाची लावली, खोका पुनर्वापराच्या पुठ्ठ्याचा केला, तर ते चांगलंच आहे. पण कारखान्याची वीज आणि कामाची पद्धत तीच राहिली तर हिशेबाचा मोठा आकडा तसाच राहतो. क्वांटिस या सल्लागार संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार हवामानावरच्या एकूण जागतिक भारात पादत्राणांचा वाटा १.४ टक्के आहे. दरवर्षी जगात दोन हजार कोटींहून अधिक जोड तयार होतात, हे ध्यानात घेतलं की या छोट्या टक्क्याचा आवाका कळतो.

‘ऑलबर्ड्स’ या कंपनीने इथे प्रामाणिक पाऊल टाकलं. लोकरीच्या बुटांपासून सुरुवात केलेल्या या कंपनीने २०२० पासून प्रत्येक उत्पादनावर कार्बनचा आकडा छापला. तिच्या मालाची सरासरी तेव्हा ७.६ किलो होती. पुढे तिने अदिदाससोबत तीन किलोच्याही आत बसणारा बूट करून दाखवला आणि आकडेमोडीची आपली पद्धत इतरांना खुली केली. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर उष्मांक छापतात तसा हा प्रकार आहे आणि तो सर्वांवर बंधनकारक व्हायला हवा. व्यवसाय म्हणून मात्र कंपनी डगमगली. नोव्हेंबर २०२१ मध्ये १५ डॉलरला बाजारात आलेला तिचा समभाग पुढे एका डॉलरच्याही खाली घसरला. टॉम्स आणि ऑलबर्ड्स यांची कहाणी एकत्र वाचली की दिसतं, सद्हेतू ग्राहकाला एकदा दुकानात आणतो. त्याला परत आणायला बूटच चांगला लागतो.

अदिदासने ‘पार्ले’ या संस्थेबरोबर किनारपट्टीवर गोळा केलेल्या प्लास्टिकपासून कोट्यवधी जोड केले. किनारे साफ झाले, हा लाभ खरा. पण बाटलीपासून पुन्हा बाटली होऊ शकते. तेच प्लास्टिक बुटात रबर, फोम आणि डिंकाबरोबर एकजीव झालं की सहसा पुन्हा सुटं होत नाही. म्हणूनच अदिदासचा २०१९ मधला दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो: सगळा बूट एकाच पदार्थाचा, डिंकाचा थेंबही नाही, वापरून झाला की दळून वितळवून पुन्हा कच्चा माल. तो मोठ्या प्रमाणावर बाजारात आलेला नाही, पण दिशा तीच आहे.

परत दिलेले बूट जातात कुठे?

जुने बूट पेटीत टाकताना आपल्याला वाटतं, काम झालं. सिंगापूरमध्ये ‘डाऊ’ ही रसायन कंपनी आणि तिथली सरकारी क्रीडा संस्था यांनी जुने बूट दळून मुलांची मैदानं आणि धावपट्ट्या करण्याची योजना आखली होती. ‘रॉयटर्स’च्या बातमीदारांनी ती तपासून पाहिली. त्यांनी ११ जोड घेतले, प्रत्येक जोडातल्या एका बुटाच्या आतल्या तळात उथळ खाच कोरून ठावठिकाणा सांगणारं छोटं यंत्र बसवलं आणि वर आतलं अस्तर पूर्ववत दाबून बूट दानपेट्यांत टाकले. मग भ्रमणध्वनीवर त्यांचा प्रवास बघत बसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकही जोड मैदानात गेला नव्हता. दहा जोड जुन्या मालाच्या व्यापाऱ्यामार्फत देशाबाहेर गेले होते, बरेचसे इंडोनेशियात, जिथे वापरलेल्या कपड्या-बुटांच्या आयातीवर २०१५ पासून बंदी आहे. बातमीदार जकार्ता आणि बाताम इथल्या बाजारांत गेले आणि त्यांतले काही बूट त्यांना प्रत्यक्ष सापडले. त्यानंतर योजनेतून त्या व्यापाऱ्याला दूर करण्यात आलं.

यातून बूट परत देणं व्यर्थ आहे असा अर्थ काढू नये. जुना बूट दुसऱ्याच्या पायात गेला तर तो दळण्यापेक्षा चांगलाच. पण सांगितलं एक आणि झालं दुसरं, तर उद्या खऱ्या योजनेवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. गोळा केलेल्या प्रत्येक टनाचं काय झालं याचा त्रयस्थाने तपासलेला हिशेब छापला जात नसेल, तर ती पेटी केवळ जाहिरात ठरते.

आपल्याकडचा हिशेब

भारत हा चीनच्या खालोखाल जगातला दुसऱ्या क्रमांकाचा पादत्राण उत्पादक आहे. त्यामुळे या चर्चेत आपण बघे नाही. कानपूरच्या जाजमऊत आणि तमिळनाडूतल्या राणीपेटमध्ये क्रोमने कातडं कमावण्याच्या उद्योगाने पाण्याची आणि जमिनीची काय दशा केली, हे जगजाहीर आहे.

दानाच्या बाबतीत मात्र आपला कायदा काही अंशी पुढे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. स्वतःच्या मालाची प्रसिद्धी साधणारी प्रायोजकत्वं त्यात धरली जात नाहीत. वस्तुरूप मदत पैशांत मोजून हा खर्च दाखवता येत नाही, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे स्वतःच्या कारखान्यातले बूट वाटून बूट कंपनीला हे कर्तव्य पूर्ण करता येत नाही. हरित दाव्यांसाठीही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुराव्याशिवाय ‘पर्यावरणस्नेही’ असं मोघम लिहिणं आता तक्रारीला पात्र आहे. नियम आहेत, ते वापरणारे ग्राहक हवेत.

नवी मुंबईतल्या ‘ग्रीनसोल’चं उदाहरण दान आणि पर्यावरण दोन्ही टोकं जोडतं. श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंना प्रश्न पडला की वर्षाला झिजणाऱ्या बुटांचं पुढे काय होतं. बुटाचा वरचा भाग फाटतो, पण तळ बराच काळ चांगला राहतो. त्यांनी तळ वेगळा काढून त्याला नवे पट्टे लावून चपला करायला सुरुवात केली. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून अशा लाखो चपला शाळकरी मुलांपर्यंत पोचल्या आहेत. यात नवा प्लास्टिकचा तळ ओतावा लागत नाही आणि काम इथल्या हातांना मिळतं. एल साल्वादोरचा धडा मात्र इथेही लागू आहे: वाटप त्याच पाड्यांवर व्हावं जिथे मुलं खरोखर अनवाणी आहेत.

सरकारी पातळीवर दुसरा मार्ग चाचपला गेला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे देण्यासाठी प्रत्येकी १७० रुपये ठरवले आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समितीवर सोपवली. उत्तर प्रदेशात गणवेश, दप्तर, बूट यांची रक्कम २०२१ पासून थेट पालकांच्या खात्यात जाते. १७० रुपयांत टिकाऊ बूट मिळणं अवघड आहे आणि ही रक्कम वाढायला हवी. तरीही माप कुणाच्या पायाचं आणि दुकान कोणतं, हे गावानेच ठरवण्याचं तत्त्व मला योग्य वाटतं. त्यातून मूल बूट घालतं आणि पैसा तालुक्याच्या बाजारात फिरतो.

पर्यावरणाचं सर्वांत मोठं काम करणाऱ्यांची मात्र कोणत्याच अहवालात नोंद नसते. रस्त्याच्या कडेला रापी, आरी आणि फर्मा घेऊन बसलेला गटई कामगार उसवलेला बूट शिवतो, झिजलेला तळ बदलतो आणि जोडाचं आयुष्य वर्षभराने वाढवतो. चौदा किलो कार्बनचा बूट दुप्पट काळ टिकला तर वर्षाचा भार निम्म्यावर येतो. एवढी बचत कोणत्याही सेंद्रिय लेसने होत नाही. राज्य सरकारची गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना आहे. तिला बूट कंपन्यांच्या सामाजिक निधीची जोड मिळावी: सुटे तळ, चांगला डिंक, प्रशिक्षण, शहरात हक्काची जागा. फ्रान्सच्या ‘वेजा’ने हे करून दाखवलं आहे. ही कंपनी जाहिरात करत नाही. तो पैसा ती अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या रबर गोळा करणाऱ्यांना चढा भाव द्यायला वापरते. २०२० पासून बोर्दो शहरात तिने बूट दुरुस्तीचं दुकानही चालवलं आहे.

दानापेक्षा योग्य भाव मोलाचा, हे कोल्हापुरी चपलेचा अलीकडचा प्रसंगही सांगतो. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याच्या या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ या फॅशन कंपनीने तशाच चपला नाव न घेता मिलानमध्ये मिरवल्या. टीका झाल्यावर कंपनीने मूळ कबूल केलं आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. कारागिरांनी दान मागितलं नव्हतं. श्रेय आणि भाव मागितला होता.

निवाडा

वीस वर्षांच्या या अनुभवातून माझा निष्कर्ष असा: पादत्राण कंपनीचं चांगलेपण दान दिलेल्या जोडात शोधू नये, विकलेल्या जोडात शोधावं. तो कोणत्या विजेवर बनला, शिवणाऱ्याला किती मजुरी मिळाली, कातडं कशाने कमावलं, तो किती वर्षं टिकतो, दुरुस्त होतो का. या पाच प्रश्नांची उत्तरं चोख असतील तर वरचं दान शोभून दिसतं. नसतील तर कितीही जोड वाटले तरी हिशेब जुळत नाही.

पुढच्या वेळी दुकानात गेलात तर विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: याचा तळ बदलून मिळतो का आणि जुना परत दिला तर त्याचं काय करता. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर तसं स्पष्ट सांगा. आणि घरी एखादा जोड नुसता उसवला म्हणून पडून असेल, तर नवा घेण्याआधी तो कोपऱ्यावरच्या गटई कामगाराकडे घेऊन जा. तो सांगेल ते पैसे घासाघीस न करता द्या.